कॉलिंग कन्व्हेन्शनचं पान नीट कसं लिहावं

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी फाउंड्रीतल्या भट्ट्यांचे कंट्रोलर बनवते. भट्टी कधी तापवायची, किती वेळ धरायची, कधी बंद करायची हे लिहायला आमची स्वतःची एक लहानशी भाषा आहे, आणि तिच्या कंपायलरचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे असतं. बाकीच्या पानांबद्दल कुणी फारसं विचारत नाही. फोन येतात ते एकाच पानाबद्दल, कॉलिंग कन्व्हेन्शनच्या: आमच्या भाषेतून सीमधलं फंक्शन कसं कॉल करायचं, आणि सीमधून आमचं कसं. शिरोलीपासून कागलपर्यंतची गिऱ्हाइकं आपापली सी लायब्ररी आमच्या प्रोग्रॅमला जोडतात. जुना बोर्ड इंटेलचा, लिनक्सवर चालणारा. नवा बोर्ड ६४ बिट आर्मचा. ऑपरेटरच्या टेबलावरचा पीसी विंडोजचा. म्हणजे तोच प्रोग्रॅम, आणि फंक्शनला माहिती पोचवायच्या तीन वेगळ्या रीती.

असं पान तुमच्याही वाट्याला आलं असेल, किंवा दुसऱ्या कुणी लिहिलेलं दुरुस्त करायचं असेल, तर ते कसं करावं हे इथे लिहिते. वाचकाला सी येतं आणि रजिस्टर, स्टॅक हे शब्द ओळखीचे आहेत असं धरून चालते.

पान कोण उघडतो

हे पान कुणी निवांत बसून वाचत नाही. प्रोग्रॅम कोसळलेला असतो, डीबगर उघडा असतो, आणि माणूस सर्च करून थेट तुमच्या चौथ्या परिच्छेदात येऊन पडतो. वरचे तीन परिच्छेद त्याने वाचलेले नसतात, वाचणारही नसतो. त्यामुळे "वर सांगितल्याप्रमाणे" हे शब्द या पानावर चालत नाहीत. प्रत्येक वाक्य एकटं उचललं तरी उभं राहिलं पाहिजे.

आणि वाचणारे दोन बाजूंचे असतात. एक कॉल करणाऱ्या बाजूचा कोड लिहितोय, दुसरा कॉल होणाऱ्या बाजूचा. आमच्याकडे पहिल्याला कॉलर आणि दुसऱ्याला कॉली म्हणतात, तेच शब्द इथे वापरते. जुन्या पानांवर बहुतेक वाक्यं कर्त्याशिवायच लिहिलेली सापडतील: "आरबीएक्स जतन केलं जातं." कोण करतं? कॉलरला वाटतं मला करायचंय, कॉलीला वाटतं ते झालेलं आहे. म्हणून पहिलं काम एवढंच करा: पान उघडा, प्रत्येक वाक्याला कर्ता आहे का बघा, नसेल तिथे घाला. "कॉलीने आरबीएक्स बदललं तर परतण्याआधी जुनी किंमत परत ठेवली पाहिजे." लांब झालं, पण फोन येणार नाही.

कुठल्या क्षणी

कर्ता घातला की पुढचा प्रश्न वेळेचा. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात.

६४ बिट इंटेलवर, सिस्टिम व्ही रीतीत, म्हणजे लिनक्सवर, स्टॅक १६ बाइटला अलाइन, म्हणजे त्याच्या टोकाचा पत्ता १६ च्या पटीत, असावा लागतो. बहुतेक पानांवर एवढंच लिहिलेलं असतं: "स्टॅक १६ बाइटला अलाइन असतो." हे वाक्य खोटं नाही, पण कामाचंही नाही. कॉल ही प्रोसेसरची सूचना (इन्स्ट्रक्शन) चालण्याच्या अगदी आधी आरएसपीची, म्हणजे स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरची, किंमत १६ च्या पटीत असते. ती सूचना स्वतःच ८ बाइटचा परतीचा पत्ता स्टॅकवर टाकते. म्हणजे कॉलीच्या पहिल्या सूचनेपाशी उभं राहून बघितलं, तर आरएसपी १६ च्या पटीत नसतो. आरएसपी अधिक ८ हा असतो. दोन्ही वाक्यांत फरक एका सूचनेचा, आणि असेंब्ली लिहिणाऱ्याने चुकीचं धरलं की सगळं ८ बाइटने सरकतं.

उद्यमनगरातले आमचे एक टर्नर मामा कच्चं ड्रॉइंग आलं की परत पाठवतात: "माप दिलंय बाई, पण कुठल्या फेसपासनं मोजू?" डेटम, म्हणजे जिथून मोजायचं ती जागा, नसलेलं माप आणि क्षण नसलेलं अलाइनमेंट एकाच जातीचं.

यातली खरी अडचण अशी की चूक लगेच दिसत नाही. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोरीने असेंब्लीतून प्रिंटएफ कॉल केलं. पूर्णांक छापले, सगळं ठीक. दशांश संख्या छापायला गेली, प्रोग्रॅम कोसळला. "मॅडम, रजिस्टर तर बरोबर भरलंय की!" बरोबरच भरलं होतं. पण अनिश्चित संख्येने आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला कंपायलर दशांशाची रजिस्टरं स्टॅकवर उतरवून ठेवणारा कोड घालतो, आणि तो एएल शून्य नसेल तरच चालतो (दशांशाची किती रजिस्टरं वापरली ते कॉलर एएल या रजिस्टरात सांगतो). तिथे जी सूचना वापरलेली असते तिला पत्ता १६ च्या पटीत लागतो. नसला तर ती सरळ ट्रॅप होते, म्हणजे प्रोसेसर तिथेच अडतो. पूर्णांकांच्या वेळी एएल शून्य होतं, ती ओळ चाललीच नाही, चूक झाकली गेली. स्टॅक आधीपासूनच ८ ने सरकलेला होता.

तेव्हा पानावर दोन्ही क्षण लिहा. "कॉल सूचनेच्या लगेच आधी, कॉलरने आरएसपी १६ च्या पटीत ठेवला पाहिजे. कॉलीच्या पहिल्या सूचनेपाशी आरएसपी अधिक ८ ही किंमत १६ च्या पटीत असते." आणि खाली एक ओळ लक्षणाची: "हे चुकलं तर प्रोग्रॅम बहुधा तुमच्या कोडमध्ये न कोसळता लायब्ररीच्या आत, दशांश संख्या हाताळताना कोसळेल." माणूस लक्षण शोधत येतो, नियम शोधत येत नाही.

स्टॅकचं चित्र काढत असाल तर तेही एकाच क्षणाचं काढा, आणि चित्राखाली तो क्षण लिहा. कॉलीच्या पहिल्या सूचनेपाशी लिनक्सवर आरएसपीच्या जागी परतीचा पत्ता असतो, आणि रजिस्टरात न मावलेलं पहिलं आर्ग्युमेंट आरएसपी अधिक ८ वर. विंडोजवर आरएसपीला परतीचा पत्ता, त्यावर ३२ बाइटची मोकळी जागा, आणि पाचवं आर्ग्युमेंट आरएसपी अधिक ४० वर. ती ३२ बाइट जागा कॉलरने सोडायची असते, कॉलीला एकही आर्ग्युमेंट नसलं तरी, आणि ती कॉलीच्या मालकीची असते. तो तिथे हवं ते लिहू शकतो. चित्रात पत्ते वर वाढतात की खाली, तो बाण विसरू नका. निम्म्या पुस्तकांत वर, निम्म्यांत खाली.

वचन कुठलं, सवय कुठली

या पानावर सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. कंपायलर आज जे करतो आणि कंपायलरने जे करायचं कबूल केलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पानात त्या एकाच सुरात लिहिल्या की वाचणारा सवयीवर घर बांधतो.

खरं उदाहरण घ्या. एका फंक्शनला ८ किंवा १६ बिटचा पूर्णांक पाठवायचाय. रजिस्टर ६४ बिटचं. उरलेल्या वरच्या बिटांत काय असेल? सिस्टिम व्हीच्या लिखित कागदात याबद्दल कॉलरवर बंधन घातलेलं नाही. पण जीसीसी हा सीचा कंपायलर कॉलरच्या बाजूला किंमत ३२ बिटपर्यंत वाढवून, म्हणजे वरचे बिट शून्याने किंवा चिन्हाच्या बिटाने भरून, पाठवत आलाय. क्लँग हा दुसरा कंपायलरही तसंच पाठवतो, आणि त्यापुढे जाऊन कॉलीच्या बाजूला किंमत वाढवूनच आली आहे असं गृहीत धरतो. दोघांचा कोड एकत्र जोडला तर काही बिघडत नाही. पण तिसऱ्या कुणी, आमच्यासारख्या छोट्या कंपायलरने, कागद वाचून वरचे बिट तसेच सोडले तर क्लँगने बनवलेलं फंक्शन चुकीचं उत्तर देईल. आणि कागद दाखवून भांडून काही मिळणार नाही.

अशा ठिकाणी पानावर दोन वेगळी वाक्यं हवीत. "आमचा कंपायलर लहान पूर्णांक ३२ बिटपर्यंत वाढवून पाठवतो, यापुढेही पाठवेल." हे वचन. "आमचा कॉली वरच्या बिटांवर अवलंबून राहत नाही." हेही वचन, दुसऱ्या बाजूचं. आणि ज्याची हमी नाही तेही उघड लिहा: "वरच्या ३२ बिटांत काय असेल याची हमी नाही, सध्या बहुधा शून्य दिसेल, त्यावर विसंबू नका." ६४ बिट आर्मवर मूळ रीत हे वरचे बिट अनिश्चित मानते, पण ॲपलने आपल्या रीतीत कॉलरने वाढवून पाठवलंच पाहिजे असं ठरवलंय. नवीन पोरं मॅकबुक घेऊन येतात, त्यावर प्रोग्रॅम चालवून बघतात आणि "माझ्याकडं चालतंय" म्हणतात. चालणारच की!

वचनाला हद्द असते, तीही लिहा. सिस्टिम व्हीचा कागद स्पष्ट सांगतो की हे नियम बाहेरून दिसणाऱ्या फंक्शनांपुरते आहेत. एकाच फाइलच्या आत, बाहेरून पोचता न येणारं फंक्शन असेल तर कंपायलर त्याला हवं तसं कॉल करू शकतो. जीसीसी ऑप्टिमायझेशन चालू असताना आतल्या फंक्शनने कुठली रजिस्टरं खरंच वापरली हे बघून बाकीची जतन करायचंच टाळतो. डीबगरमध्ये हे बघितलेला माणूस "तुमचं पान चुकीचं आहे" म्हणून फोन करतो. पान चुकीचं नसतं, हद्द लिहिलेली नसते.

रेड झोनचंही तसंच. लिनक्सच्या रीतीत आरएसपीच्या खालचे १२८ बाइट कॉलीला आरएसपी न हलवता वापरता येतात. सिग्नल हँडलर त्यांना हात लावत नाहीत. पण कर्नलच्या आत इंटरप्ट आला की प्रोसेसर चालू स्टॅकवरच लिहितो, म्हणून लिनक्स कर्नल रेड झोन बंद करून कंपाइल होतो. विंडोजच्या रीतीत रेड झोन नाहीच. "रेड झोन १२८ बाइट" एवढंच लिहून पुढे गेलात, तर ड्रायव्हर लिहिणारा खड्ड्यात जाईल.

स्ट्रक्चर

चार पूर्णांक कुठल्या रजिस्टरात जातात हे सगळेच लिहितात. लिनक्सवर आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. विंडोजवर आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९. आर्मवर एक्स० ते एक्स७. हे कुठेही मिळतं. स्ट्रक्चर आलं की पानं गप्प होतात, आणि आमच्या गिऱ्हाइकांचा निम्मा कोड स्ट्रक्चरच पाठवतो.

आमचं नेहमीचं उदाहरण: भट्टीच्या तीन थर्मोकपलची तीन तापमानं, प्रत्येक ४ बाइटची दशांश संख्या. स्ट्रक्चर १२ बाइटचं. ते किंमत म्हणून फंक्शनला दिलं.

लिनक्सवर, इंटेलला, स्ट्रक्चरचे ८-८ बाइटचे तुकडे पडतात. पहिल्या तुकड्यात दोन तापमानं; ती दोन्ही शेजारी शेजारी एक्सएमएम० या दशांशाच्या रजिस्टरच्या खालच्या ६४ बिटांत जातात. तिसरं एकटं एक्सएमएम१ मध्ये. ६४ बिट आर्मवर एकाच प्रकारच्या चारपर्यंत दशांश संख्यांचं स्ट्रक्चर असेल तर प्रत्येकीला आपलं दशांशाचं रजिस्टर मिळतं: एस०, एस१, एस२. विंडोजवर १, २, ४ किंवा ८ बाइट मापाचीच स्ट्रक्चरं रजिस्टरात जातात. १२ बाइटवालं तिथे बसत नाही, म्हणून कॉलर त्याची प्रत काढतो आणि तिचा पत्ता आरसीएक्समध्ये देतो. एकच तीन आकडे, तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी.

आता एका गिऱ्हाइकाने पहिल्या तापमानाच्या जागी बिघाडाचा कोड, ४ बाइटचा पूर्णांक, ठेवला. माप तेच १२ बाइट. लिनक्सवर पहिल्या तुकड्यात पूर्णांक आणि दशांश एकत्र आले, आणि पूर्णांक असला की अख्खा तुकडा पूर्णांकाच्या रजिस्टरात जातो: कोड आणि दुसरं तापमान दोन्ही आरडीआयमध्ये, शेवटचं तापमान एक्सएमएम० मध्ये. आर्मवर सगळे सदस्य एकाच प्रकारचे राहिले नाहीत, म्हणून सवलत गेली. स्ट्रक्चर एक्स० आणि एक्स१ मध्ये. विंडोजवर काहीच बदललं नाही, पत्ताच जातो. नियम शब्दांत कितीही नीट लिहिला तरी हा बदल डोळ्यांपुढे येत नाही. हे दोन्ही नमुने शेजारी ठेवले की येतो.

म्हणून पानावर उदाहरणं निवडताना सोपी निवडू नका. नियम जिथे वळण घेतो त्याच्या दोन्ही बाजूंची निवडा. १६ बाइटचं एक आणि त्याहून मोठं एक. चार तापमानांचं स्ट्रक्चर १६ बाइट, लिनक्सवर एक्सएमएम० आणि एक्सएमएम१ मध्ये दोन-दोन, आर्मवर चार रजिस्टरांत. पाच तापमानं झाली की २० बाइट: लिनक्सवर अख्खं स्ट्रक्चर स्टॅकवर उतरतं, आर्मवर प्रतीचा पत्ता जातो.

परत येणारं स्ट्रक्चर तर आणखी फसवं. पाच तापमानं परत करणारं फंक्शन असेल तर ती कुठे ठेवायची तो पत्ता कॉलर गुपचूप पाठवतो. लिनक्सवर तो आरडीआयमध्ये, विंडोजवर आरसीएक्समध्ये, म्हणजे तुमचं पहिलं लिहिलेलं आर्ग्युमेंट दुसऱ्या रजिस्टरात सरकतं, आणि कॉलीने परतताना तोच पत्ता आरएएक्समध्ये द्यायचा असतो. आर्मवर त्यासाठी वेगळं एक्स८ राखलेलं आहे. तुमचं पहिलं आर्ग्युमेंट एक्स० मध्येच राहतं, आणि पत्ता परत द्यायचं बंधन नाही. आता पानावर "पहिलं आर्ग्युमेंट आरडीआयमध्ये" असं वाक्य असेल तर ते दुरुस्त करा. "पूर्णांक किंवा पत्ता पाठवणाऱ्या सहा जागांपैकी पहिली जागा आरडीआय. फंक्शन मोठं स्ट्रक्चर परत करत असेल तर ही जागा छुपा पत्ता घेतो."

जागा मोजायची पद्धतही वेगळी आहे, तिला एक ओळ पुरे. पूर्णांक, दशांश, पूर्णांक, दशांश अशी चार आर्ग्युमेंटं. लिनक्सवर पूर्णांक आणि दशांश वेगवेगळे मोजतात: ईडीआय (आरडीआयचा खालचा ३२ बिटचा भाग, ईएसआय आणि ईसीएक्सही तसेच), एक्सएमएम०, ईएसआय, एक्सएमएम१. विंडोजवर जागेचा क्रमांक एकच: ईसीएक्स, एक्सएमएम१, आर८चा खालचा भाग, एक्सएमएम३. हे उदाहरण जसंच्या तसं छापा. नियम वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही, हे राहतं.

अनिश्चित आर्ग्युमेंटं आणि हरवलेलं डिक्लरेशन

प्रिंटएफसारख्या फंक्शनांचा वेगळा परिच्छेद करा, तळटीप करू नका. लिनक्सवर कॉलरने एएलमध्ये दशांशाची किती रजिस्टरं वापरली त्याची वरची मर्यादा ठेवायची. नेमका आकडा लागत नाही, पण कमी चालत नाही. विंडोजवर दशांश किंमत पूर्णांकाच्या रजिस्टरातही दुहेरी ठेवायची. ॲपलच्या आर्मवर अनिश्चित भागातली सगळी आर्ग्युमेंटं स्टॅकवरच जातात, रजिस्टर मोकळी असली तरी. या शेवटच्याने एक जुनी सवय उघडी पडते: फंक्शन अनिश्चित आर्ग्युमेंटांचं आहे हे डिक्लरेशनमध्ये न सांगता कॉल केलं, तर इंटेलवर नशिबाने चालायचं, तिथे कचरा येतो.

डिक्लरेशनच नसलं तर काय, हेही लिहा, कारण जुना कोड आणणारे खूप आहेत. १९९९ च्या सी मानकाने न सांगता फंक्शन कॉल करणं काढून टाकलं, पण कंपायलर वर्षानुवर्षं नुसती ताकीद देत राहिले. जीसीसीने ते २०२४ मध्ये, १४ व्या आवृत्तीत, डीफॉल्ट एरर केलं. तोवर अशा फंक्शनचं उत्तर ३२ बिटचा पूर्णांक मानलं जायचं, आणि पत्ता परत येत असेल तर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जायचा.

रजिस्टरांचा तक्ता

तक्ता प्रत्येक पानावर असतो आणि जवळजवळ प्रत्येक तक्त्यात एक रकाना कमी असतो: किती बिट. विंडोजवर एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ कॉलीने जतन करायची, पण त्याच रजिस्टरांचे वरचे, एव्हीएक्सचे, भाग जतन करायचं बंधन नाही. आर्मवर व्ही८ ते व्ही१५ ही दशांशाची १२८ बिट रजिस्टरं जतन करायची, तीही फक्त खालच्या ६४ बिटांपुरती. "व्ही८ जतन होतं" वाचून १२८ बिटची किंमत त्यात ठेवणाऱ्याचा अर्धा आकडा जाईल. लिनक्सवर इंटेलला कॉलीने दशांशाचं एकही रजिस्टर जतन करायचं नसतं. हे "काही नाही" तक्त्यात लिहून दाखवा, रिकामी चौकट सोडू नका. रिकामी चौकट म्हणजे नाही की लिहायचं राहिलं, वाचणाऱ्याला कळत नाही.

तक्त्यात न बसणाऱ्या दोन-तीन गोष्टी त्याच्या खाली घाला: डायरेक्शन फ्लॅग कॉलच्या आणि परतीच्या वेळी शून्य हवा, दशांश गणिताच्या नियंत्रणाचे बिट, उदाहरणार्थ राउंडिंगचे, कॉलीने बदलले तर परत ठेवायचे. आणि सिस्टिम कॉलची रीत याच तक्त्यात मिसळू नका. लिनक्सवर तिथे चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्सऐवजी आर१० मध्ये जातं, कारण सिस्टिम कॉलची सूचना स्वतः आरसीएक्स आणि आर११ पुसून टाकते.

पानाच्या माथ्यावर प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलरची आवृत्ती तिन्ही लिहा. "इंटेल ६४ बिट" एवढं पुरत नाही हे वरून कळलंच असेल. लाँग हा प्रकार लिनक्सवर ८ बाइट आणि विंडोजवर ६४ बिटमध्येही ४ बाइट, हे त्याच जागी. ३२ बिटच्या जुन्या रीतींची गर्दी, सीडेक्ल, एसटीडीकॉल, फास्टकॉल, वेगळ्या पानावर टाका. ज्याला लागेल तो जाईल.

पान खरं आहे का ते तपासणं

पानावरचं प्रत्येक उदाहरण कंपाइल होणारी फाइल असली पाहिजे. ती रिलीजच्या टेस्टमध्ये घाला. उदाहरण मोडलं तर रिलीज थांबला पाहिजे. कॉलर आणि कॉली वेगळ्या फाइलींत ठेवा, नाहीतर कंपायलर फंक्शन आत मिसळून टाकेल आणि कॉलच उरणार नाही. मग चारही जोड्या चालवा: आमचा कॉलर आणि जीसीसीचा कॉली, उलटी जोडी, आणि तेच दोन क्लँगबरोबर. एकाच कंपायलरने दोन्ही बाजू बनवल्या तर तो स्वतःशी कायम सहमत असतो, त्यातून काही सिद्ध होत नाही.

आर्ग्युमेंटांना ओळखू येतील असे आकडे द्या, पहिल्याला सगळे अंक एक (११११११११), दुसऱ्याला सगळे अंक दोन, असे. कॉलीच्या पहिल्या सूचनेवर डीबगर थांबवून रजिस्टरं बघा. एक, दोन, तीन असे छोटे आकडे देऊ नका, ते रजिस्टरांत आधीच पडलेले सापडतात आणि फसवतात. जतन करायच्या रजिस्टरांत कॉलच्या आधी नमुने भरा आणि परतल्यावर तपासा. लहान पूर्णांकांच्या वरच्या बिटांत मुद्दाम कचरा भरून आपला कॉली टिकतो का बघा. स्टॅक मुद्दाम ८ ने सरकवलेला एक टेस्टही ठेवा, तो कोसळायलाच हवा; न कोसळला तर तुमचा टेस्ट अलाइनमेंट तपासतच नाही.

नुसतं कंपायलर काय काढतो ते बघायचं असेल तर कंपायलर एक्सप्लोरर ही साइट पुरते. मॅट गॉडबोल्टने ती २०१२ मध्ये सुरू केली. डावीकडे सी, उजवीकडे असेंब्ली, कंपायलर बदलून लगेच फरक दिसतो. पण तिथे दिसलेलं सगळं पानावर उतरवू नका; ती सवय आहे, वचन नव्हे.

शेवटची तपासणी माणसाकडून. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी ट्रेनी येतात. त्यांच्यातल्या एकाला किंवा एकीला फक्त हे पान द्यायचं, इंटरनेट बंद, आणि सांगायचं: तीन तापमानं घेऊन त्यांतलं मोठं परत करणारं फंक्शन असेंब्लीत लिहा, दोन्ही बोर्डांसाठी. मी शेजारी वही घेऊन बसते आणि उत्तर देत नाही. प्रत्येक प्रश्न लिहून घेते. प्रश्न विचारल्याशिवाय जे पुढे सरकलं ते पानात नीट आहे. जिथे विचारलं तिथे पानात भोक आहे. "ते तुला माहीत असायला पाहिजे" हे वाक्य मात्र तोंडातून काढायचं नाही, नाहीतर पुढचा प्रश्न येत नाही.

परवाच्या बैठकीत अलाइनमेंटबद्दल एकही प्रश्न आला नाही, छुप्या पत्त्याबद्दल एक आला, आणि मग तिने विचारलं, "मॅडम, स्ट्रक्चर रिकामंच असलं तर?" सीमध्ये जीसीसी रिकाम्या स्ट्रक्चरचं माप शून्य धरतो, सी++ मध्ये ते १ बाइटचं असतं, आणि इंटेलवर सी++ च्या रिकाम्या क्लासला आर्ग्युमेंट म्हणून पाठवायची रीत जीसीसीने ८ व्या आवृत्तीत बदलून दुरुस्त केली. पानात यातलं काहीच नव्हतं. आता स्ट्रक्चरच्या विभागात, १२ बाइटच्या उदाहरणाच्या आधी, शून्य बाइटचं उदाहरण आहे, आणि त्याच्या चार जोड्यांच्या टेस्ट चालू आहेत.